काट्यावरचे ५ सेकंद

“सर, गाडी काट्यावर उभी आहे अन् पावती निघूनच नाही राहिली.”

२०१९ च्या मार्चमध्ये हा फोन आम्हाला दिवसातून दोन-तीनदा यायचा. मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरत होती, सोबत मिरची आणि तुरीच्या गाड्या, आणि त्या भागातल्या काही खासगी वजनकाट्यांवर आमचं सॉफ्टवेअर चालत होतं. आम्ही पाच जण, परसोडीच्या बाजूला दोन खोल्यांचं ऑफिस, आतल्या खोलीत एक सर्व्हर.

काम तसं सरळ. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं. माल उतरवून रिकामी गाडी परत येते, पुन्हा वजन होतं. वजाबाकी केली की मालाचं निव्वळ वजन, आणि त्याची पावती. काट्यावरचा संगणक आकडा आमच्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर खातं तपासतो, हिशेब करतो, पावतीचा नंबर देतो. काट्यावरचा प्रोग्राम ४ सेकंद वाट पाहायचा आणि उत्तर आलं नाही तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायचा. ऑपरेटर पुन्हा बटण दाबायचा. पहिली मागणी मात्र मेलेली नसायची. ती उशिरा का होईना पूर्ण व्हायची, आणि एकाच गाडीच्या दोन पावत्या तयार व्हायच्या.

दोन पावत्या म्हणजे वाद. व्यापारी म्हणणार एकच गाडी आली, शेतकऱ्याच्या हातात कागद दोन. त्यातला खरा कोणता हे ठरेपर्यंत मागे गाड्यांची रांग. एकदा मी स्वतः तिथे उभा होतो. सावनेरकडून आलेला एक माणूस दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहत होता आणि मला विचारत होता, “साहेब, यातला धरू कोणता?” त्या प्रश्नानंतर हा दोष ‘कधीकधी होतं’ म्हणून सोडून देणं मला शक्य नव्हतं.

सुरुवातीचे संशय नेहमीचे होते. काट्याकडची इंटरनेटची लाइन तपासली, ठीक होती. डेटाबेस तपासला, तो मजेत होता. सर्व्हरवर लिनक्स, त्यात कंटेनर (एकाच यंत्रात वेगळ्या खोल्यांसारखे चालणारे प्रोग्राम), आणि कंटेनरांचं सगळं येणं-जाणं नॅटमधून, म्हणजे वाटेत पत्ता बदलून. म्हणून कनेक्शन ट्रॅकिंगचं टेबल, म्हणजे चालू संभाषणांची नोंदवही, भरलं का तेही पाहिलं. टेबल भरलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो आणि पॅकेट (डेटाचा तुकडा) टाकून देतो. लॉगमध्ये तसं काही नव्हतं, टेबल निम्म्याहून रिकामं होतं. आयपीटेबल्स म्हणजे पॅकेटांवरच्या नियमांची यादी; त्यातला प्रत्येक ड्रॉपचा, म्हणजे पॅकेट टाकण्याचा, नियम उघडला. त्यांचे काउंटर जागचे हलत नव्हते.

पहिला खरा धागा आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात नव्या मुलीला सापडला. तिने आठवडाभराच्या लॉगमधून उशिरा झालेल्या मागण्या बाजूला काढल्या आणि त्यांचे वेळ एकाखाली एक मांडले.

“दादा, हे बघा. उशीर झाला की तो ५ सेकंदांच्या वर थोडासाच असतो. ३ नाही, ७ नाही.”

मी तो कागद बराच वेळ पाहत बसलो. गर्दीमुळे होणारा उशीर कसाही पसरतो. सीताबर्डीच्या चौकात कोणी बरोब्बर पाच मिनिटं अडकत नाही. इतका नेमका आकडा म्हणजे कुठेतरी कोणीतरी लिहून ठेवलेली मुदत. आणि ५ सेकंद हा आकडा या धंद्यात ओळखीचा आहे. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीतला नाव शोधणारा भाग डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावाचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी ठरलेली ५ सेकंद थांबतो.

तिने आणखी एक गोष्ट दाखवली. पावतीची पीडीएफ बनवणारी सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये होती, आणि तिथला उशीर दर वेळी २.५ सेकंदांचा होता. हे मला पटेना. एकच दोष दोन आकडे कसे दाखवेल? मग लक्षात आलं की तो कंटेनर अल्पाइन या छोट्या लिनक्सवर बांधलेला आहे, म्हणजे आत ग्लिबसी नाही, मसल ही तिची पर्यायी लायब्ररी आहे. मसलची मुदतही ५ सेकंदांचीच, पण ती प्रयत्नांच्या संख्येने भागली जाते. प्रयत्न २, म्हणून दुसरी विचारणा २.५ सेकंदांनी. दोन आकडे जुळले आणि संशय पक्का झाला: डीएनएसचं पॅकेट हरवतंय, आणि हरवतंय ते आमच्याच यंत्रात.

ते डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. रात्री काटे बंद झाल्यावर दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या. डावीकडे कंटेनरच्या तोंडाशी टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम), उजवीकडे डीएनएस सर्व्हरच्या तोंडाशी टीसीपीडंप. मध्ये फक्त आमचा कर्नल. मग कंटेनरमधून तेच नाव पुन्हापुन्हा शोधायला लावलं.

डावीकडे दर वेळी दोन ओळी उमटायच्या. आजकाल बहुतेक प्रोग्राम एखादं नाव शोधतात तेव्हा दोन प्रश्न जातात: एक जुन्या ३२ बिटांच्या पत्त्यासाठी, म्हणजे ‘ए’ नोंद, दुसरा १२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यासाठी, म्हणजे ‘क्वाड ए’. आयपीव्ही६ वापरात नसलं तरी दुसरा प्रश्न बहुधा जातो. दोन्ही एकाच सॉकेटमधून (नेटवर्कच्या एकाच दारातून), एकाच पोर्टवरून, काही मायक्रोसेकंदांच्या अंतराने. उजवीकडेही दोन ओळी यायला हव्यात. येत होत्या. दोन, दोन, दोन. स्क्रीन सरकत राहिली, कूलरचा आवाज तेवढा खोलीत. आणि मग डावीकडे दोन, उजवीकडे एक. पाच सेकंद दोन्ही खिडक्या स्तब्ध. त्यानंतर पुन्हा विचारणा, आणि सगळं सुरळीत.

पॅकेट आत गेलं आणि बाहेर आलं नाही. ड्रॉपचा एकही नियम लागलेला नव्हता.

कर्नल पॅकेट जिथे टाकतो त्या जागेचा ट्रेस काढता येतो. तो काढला तर नेटफिल्टरच्या, म्हणजे कर्नलमधल्या पॅकेटांच्या चाळणीच्या, सर्वसाधारण फंक्शनचं नाव आलं, ज्यातून सगळेच निर्णय पार पडतात. म्हणजे चाळणीनेच टाकलं एवढं कळलं. कुठल्या टप्प्याने, ते नाही. उत्तर मिळालं कनेक्शन ट्रॅकिंगच्या आकडेवारीत. तिथे इन्सर्ट-फेल्ड नावाचा एक काउंटर असतो. उजव्या खिडकीतली ओळ गायब झाली की तो वाढायचा. दहा वेळा ताडून पाहिलं, दहाही वेळा. त्या शांत आकडेवारीखेरीज या नुकसानीची कुठेही नोंद नव्हती.

आता हे का होतं ते सावकाश सांगतो, कारण सगळं मर्म इथेच आहे.

नेटफिल्टर २००१ च्या २.४ कर्नलपासून लिनक्समध्ये आहे. आत शिरलेल्या पॅकेटला तो वाटेत पाच ठिकाणी अडवून विचारपूस करू शकतो. कनेक्शन ट्रॅकिंग पहिल्या नाक्यावर पॅकेटची ओळख लिहितं: कुठून, कुठल्या पोर्टवरून, कुठे, कुठल्या पोर्टवर, कुठल्या प्रोटोकॉलने. ही ओळख टेबलात आधीच असेल तर पॅकेट जुन्या संभाषणाचं. नसेल तर नवी नोंद तयार होते, पण ती लगेच टेबलात जात नाही; पॅकेटच्या पाठीवरच चिकटून राहते. आपल्या आडतीवरच्या भाषेत सांगायचं तर ही कच्ची नोंद. पक्क्या वहीत ती चढते अगदी शेवटच्या नाक्यावर, सगळे नियम, सगळं नॅट पार झाल्यावर. यामागचा विचार रास्त आहे: पुढच्या एखाद्या नियमाने ते पॅकेट नाकारलं तर वही कशाला भरायची?

पण कच्ची लिहिणं आणि पक्की चढवणं यांच्यामध्ये थोडा काळ जातो. टीसीपीला, म्हणजे आधी जोडणी पक्की करणाऱ्या प्रोटोकॉलला, त्याचा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे पहिलं पॅकेट गेल्यावर समोरून उत्तर येईपर्यंत दुसरं निघत नाही. डीएनएसचे हे प्रश्न यूडीपी या प्रोटोकॉलने जातात, आणि त्यात अशी वाट पाहणं नाही. आमचे दोन प्रश्न दोन वेगळ्या सीपीयूंवर एकाच वेळी पोचले की पहिला टेबलात पाहतो, नोंद नाही. दुसरा पाहतो, नोंद नाही. दोघंही एकाच ओळखीची कच्ची नोंद लिहितात. दोघंही नियमांतून जातात, दोघांचंही नॅट होतं. शेवटच्या नाक्यावर पहिला आपली नोंद पक्की करतो. दुसरा पोचतो तेव्हा ती जागा भरलेली असते. नोंद चढत नाही, काउंटर एकाने वाढतो आणि पॅकेट टाकलं जातं. आयपीटेबल्सचे सगळे नियम तोवर मागे पडलेले असतात, म्हणून त्यांच्या काउंटरांना हे दिसणं शक्यच नाही.

पाच सेकंदांनंतरचा प्रयत्न कधीच का फसत नाही, हेही यातून कळलं. दोनांपैकी एकच उत्तर आलं तर ग्लिबसी सावध होतं आणि पुढे दोन प्रश्न एकामागून एक विचारतं. मात्र हा सावधपणा त्या थ्रेडपुरता, म्हणजे प्रोग्रामच्या त्या एका धाग्यापुरता असतो. आमची हिशेबाची सेवा प्रत्येक मागणीसाठी नवी प्रोसेस उभी करायची. दर वेळी कोरी पाटी, दर वेळी नव्याने तीच शर्यत.

तात्पुरता इलाज लगेच केला. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे नाव शोधण्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन हा पर्याय टाकला की ग्लिबसी दुसरा प्रश्न नव्या सॉकेटमधून, म्हणजे वेगळ्या पोर्टवरून विचारतं. ओळख वेगळी, टक्कर नाही. काट्यावरच्या तक्रारी दुसऱ्या दिवशी जवळपास बंद झाल्या. मी हे आधी केलं कारण गाडीवाल्याला कर्नलशी देणंघेणं नाही, त्याला पावती हवी. पण मसल हा पर्याय वाचतच नाही, त्यामुळे पीडीएफची सेवा होती तशीच राहिली. आणि उद्या कोणी नवा कंटेनर उभा करेल तेव्हा ही एक ओळ त्याने आठवणीने टाकावी, या भरवशावर पैशाचा हिशेब ठेवायला माझं मन तयार नव्हतं. दोष चाळणीत होता. दुरुस्ती तिथेच व्हायला हवी होती.

आमच्या सर्व्हरवर ४.१५ कर्नल होता. त्यातला नोंद पक्की करणारा भाग उघडून बसलो तर दिसलं की ही टक्कर कर्नल लिहिणाऱ्यांना ठाऊक होती. २०१६ मध्येच त्यांनी यूडीपीसाठी समेटाची सोय केली होती: नोंद चढत नसेल तर हरलेल्या पॅकेटची कच्ची नोंद फेकायची, जिंकलेल्याची पक्की नोंद त्याच्या पाठीवर लावायची आणि पॅकेट जाऊ द्यायचं. मग आमचं पॅकेट का मरत होतं? कारण त्या सोयीला एक अट होती. नॅट झालेलं असेल तर समेट नाही.

अट लावणाऱ्याची भीती खरी होती. नॅटमध्ये पॅकेटवरचा पत्ता प्रत्यक्ष बदलला जातो. दोन कच्च्या नोंदींनी दोन वेगळे पत्ते ठरवले असतील आणि एकाच्या पाठीवर दुसऱ्याची नोंद लावली, तर परत येणारं उत्तर भलत्याच ठिकाणी जाईल. पण कंटेनरांच्या जगात नॅट झालं नाही असं पॅकेट जवळजवळ नसतंच. जिथे समेटाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो बंद.

यावर दोन दुरुस्त्या मुख्य कर्नलमध्ये येऊन गेल्या होत्या. पहिली ऑक्टोबर २०१८ च्या ४.१९ मध्ये. तिचं म्हणणं असं: नॅट झालं का, हे विचारू नका, दोन्ही नोंदी जाण्याच्या आणि परतीच्या, दोन्ही दिशांनी तंतोतंत सारख्या आहेत का, ते तपासा. असतील तर समेट निर्धोक आहे. काही ओळींचा बदल, पण त्यामागे भीतीचं नेमकं कारण शोधून तेवढंच राखण्याचा जो विचार आहे, तो मला फार मोलाचा वाटतो.

दुसरी दुरुस्ती तेव्हा नुकत्याच, ३ मार्चला आलेल्या ५.० मधली, आणि ती समजायला मला दोन रात्री लागल्या. समजा पहिल्या पॅकेटची नोंद पक्की झाली आणि दुसरं अजून नॅटच्या टप्प्यावर आहे. नॅट परतीची ओळख ठरवताना ती कोणी घेतलेली तर नाही ना, असं पाहतो. घेतलेली असते, त्याच्याच भावंडाने. नॅट तिला परकी समजतो आणि टक्कर टाळायला दुसरा पोर्ट काढून देतो. आता परतीची दिशा वेगळी झाली. म्हणजे पहिल्या दुरुस्तीची ‘तंतोतंत सारख्या’ ही कसोटी फसली आणि पॅकेट पुन्हा गेलं. दुसऱ्या दुरुस्तीने नॅटला शिकवलं की मूळ ओळख सारखीच असलेली नोंद परकी नाही, तिच्यासाठी पोर्ट बदलू नकोस.

सरळ ५.० बसवावा असं ऑफिसात एकाने सुचवलं. पण तो येऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि हंगाम ऐन भरात. आम्ही दोन्ही पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या कोडचे तुकडे, ४.१५ वर आणले. एक जसाच्या तसा बसला. दुसऱ्याच्या आसपासचा कोड मधल्या काळात सरकला होता, तो हाताने जुळवावा लागला. प्रत्येक ओळ मी आणि एका सहकाऱ्याने मोठ्याने वाचून ताडली.

कर्नल रात्री बांधायला लावला आणि त्या वेळात चाचणी लिहिली. चाळीसेक ओळींचा प्रोग्राम: एक यूडीपी सॉकेट, दोन थ्रेड, दोन्ही एका इशाऱ्यावर एकाच वेळी नॅटमागच्या पत्त्याला पॅकेट पाठवणार, मग सॉकेट बंद, नवं सॉकेट, पुन्हा तेच. जुन्या कर्नलवर हरवलेल्या पॅकेटांचा आकडा भराभर चढला. नव्या कर्नलवर चढण्याचा वेग खूपच उतरला.

उतरला, पण थांबला नाही. पहाटे तीनच्या सुमारास ते पाहून मी खरंच हताश झालो.

सकाळी तर्री पोहे खाताना त्या मुलीनेच विचारलं, “दादा, आपले डीएनएस सर्व्हर दोन आहेत ना? मग दोघांच्या नोंदी एक काहून होतील?” पुढचं तिला सांगावं लागलं नाही. एकाच पत्त्यामागे आम्ही दोन डीएनएस कंटेनर ठेवले होते आणि आयपीटेबल्सच्या नियमाने आलेला प्रश्न निम्मा-निम्मा वाटला जायचा. नशिबाने ‘ए’ एका सर्व्हरकडे आणि ‘क्वाड ए’ दुसऱ्याकडे वळला, तर दोन्ही नोंदींच्या परतीच्या दिशा खरोखरच वेगळ्या. तिथे समेट करणं चूकच ठरलं असतं. कोड बरोबर वागत होता. त्या काळच्या कर्नलमध्ये या तिसऱ्या प्रकाराला उत्तर नव्हतं. ते २०२० मध्ये आलं: हरलेल्या पॅकेटची नोंद फक्त परतीच्या दिशेने वहीत चढवायची, तीही १ सेकंदाच्या मुदतीने, उत्तर घरी पोचेल इतपत.

आम्ही आमच्या पद्धतीने वाट काढली. डीएनएसचा एक छोटा सर्व्हर थेट मुख्य यंत्रावर, कंटेनरांबाहेर बसवला. सगळे कंटेनर त्यालाच विचारणार, आणि त्या एका पत्त्याच्या ५३ नंबरच्या पोर्टवर जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटांना रॉ टेबलात नोट्रॅक लावला, म्हणजे त्यांची कच्ची नोंदही नको आणि पक्कीही नको. नाव शोधायला नॅटची गरजच उरली नाही. मधले दोन डीएनएस कंटेनर काढून टाकले.

याच आठवड्यात काट्याच्या प्रोग्रामलाही हात लावला. बटण दुसऱ्यांदा दाबलं तरी मागणीचा क्रमांक तोच राहील आणि सर्व्हर त्या क्रमांकाला एकच पावती देईल, असं केलं. हे आधीच असायला हवं होतं. पॅकेट कुठल्या ना कुठल्या कारणाने हरवणारच. त्याच्या हरवण्याने शेतकऱ्याच्या हातात दोन कागद पडू नयेत, ही जबाबदारी कर्नलची नाही, आमची आहे.

बदललेला कर्नल रविवारी, काटे बंद असताना चढवला. सोमवारी सकाळी सहाला आम्ही दोघं ऑफिसात होतो. डावी खिडकी, उजवी खिडकी, आणि खाली इन्सर्ट-फेल्डचा आकडा. पहिली गाडी सव्वासहाला लागली. दुपारपर्यंत आकडा शून्यावर होता. २.५ सेकंदांची सेवाही गप्प झाली होती. संध्याकाळी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधली ती ओळ एकेका कंटेनरमधून काढली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. शून्य.

चाचणीचा तो प्रोग्राम अजून जपून ठेवला आहे. कुठल्याही सर्व्हरवर नवा कर्नल घ्यायचा म्हटलं की आधी तो बाजूच्या यंत्रावर रात्रभर चालतो. सकाळी जो पहिला येतो तो दिवा लावण्याआधी स्क्रीनवरचा आकडा वाचतो आणि भिंतीवरच्या वहीत तारखेपुढे लिहितो.